मतदानाला गाडी, ग्रामसभेला फोन

२०२२ च्या डिसेंबरात मी ग्रामपंचायतीची सदस्य झाले, तेव्हा माझ्या वॉर्डातले निम्मे मतदार कऱ्हाड, सांगली, बेळगावच्या फडात ऊस तोडत होते. मतदान १८ तारखेला. १७ च्या रात्री दोन टेम्पो आणि एक क्रुझर भरून ती माणसं गावात उतरली. सकाळी आंघोळी करून रांगेत उभी राहिली, बोटाला शाई लावून घेतली आणि त्याच रात्री परत फडात गेली. गाड्यांचं भाडं कुणी दिलं ते विचारू नका. आमच्याही पॅनलनं दिलं होतं. रांगेतल्या एका मावशीनं मला विचारलं, "बाई, निवडून आल्यावर काय करती?" मी म्हणाले, "घरकुलाचं बघते." सगळेच म्हणतात तेच मीही म्हणाले.

घरकुलाचं बघायचं म्हणजे नेमकं काय बघायचं, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

आमचं गाव धारूर आणि वडवणीच्या मधल्या बालाघाटाच्या पट्ट्यात. खाली मुरूम, वर आभाळ. कापूस, सोयाबीन, थोडी तूर, आणि दिवाळी झाली की कोयता. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम उन्हाळ्यात-पावसाळ्यात उचल देतो, ती लग्नात, दवाखान्यात, पेरणीत संपते, आणि मग पाच-सहा महिने ती फेडायला जायचं. तिकडं राहायला उसाच्या पाचटाची नाहीतर ताडपत्रीची कोपी. इकडं गावात दगड-मातीच्या पडक्या भिंती आणि वर पत्रे. पत्रे उडू नयेत म्हणून त्यांवर दगड ठेवलेले असतात. पाव्हणे आले की आमच्याकडं गमतीनं म्हणतात, वरी बघून बसा.

सदस्य होईपर्यंत मला घरकुलाची यादी म्हणजे सरकारी मदतीनं कुणाला घर मिळणार त्याची यादी, एवढंच ठाऊक होतं. मग कळलं की याद्याही पिढ्यांसारख्या असतात. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेतून एक यादी झाली, ती प्रपत्र ब. तिच्यातून जे सुटले त्यांचं २०१८ मध्ये 'आवास प्लस'चं सर्वेक्षण झालं, ती प्रपत्र ड. गावात कुणी प्रपत्र म्हणत नाही, ड यादी म्हणतात. "ताई, मपलं ड मधी हाय का?" हा प्रश्न मी पीठगिरणीवर, लग्नात, एकदा तर मयतीलाही ऐकलाय. २०१८ मध्ये नाव आलं म्हणून घर मिळालं असं नाही. सात वर्षं ती यादी तशीच पडून होती. त्या सात वर्षांत यादीतले काहीजण वारले, काही पोरं पुण्याला गेली, काहींनी कर्ज काढून दोन खोल्या बांधल्या, आणि ज्यांच्याकडं काहीच नव्हतं त्यांच्या भिंती आणखी थोड्या कलल्या.

पहिल्या अटींमध्ये दुचाकी आणि फ्रिज असला तरी नाव कटायचं. आमच्या वस्तीवर एका पोराला सासऱ्यानं लग्नात जुनी मोटारसायकल दिली, त्यावरून बापाच्या घरकुलावर हरकत आली होती. एका घरात भंगारातून आणलेला बंद फ्रिज होता, बाई त्यात कपडे ठेवायची. तिला मी स्वतः सांगितलं होतं, साहेब यायच्या आधी तो गोठ्यात नेऊन ठेव. २०२४ मध्ये या अटी १३ वरून १० झाल्या. दुचाकी, फ्रिज आणि घरचा टेलिफोन या तिन्ही गेल्या, महिन्याच्या कमाईची मर्यादा १० हजारांवरून १५ हजारांवर आली. जमिनीची अट अडीच एकर बागायत किंवा पाच एकर कोरडवाहू अशी झाली. घरात सरकारी नोकरी, चारचाकी, ट्रॅक्टर हे तसंच राहिलं.

आणि मग २०२५ च्या जानेवारीत एकदम उद्दिष्ट आलं, म्हणजे इतकी घरं मंजूर करा असा वरून आकडा. सात वर्षं निजलेली यादी अशी जागी झाली की ग्रामसेवकांचा फोन दर अर्ध्या तासाला पंचायत समितीतून वाजायचा. पात्र-अपात्र ठरवा, ग्रामसभेचा ठराव लावा, कागद अपलोड करा. ग्रामसभा कधी? २६ जानेवारीला.

इथं मला पहिल्यांदा खटकलं. आमच्याकडं ग्रामसभेच्या नेहमीच्या तारखा चार: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. कागदावर चारी सारख्याच. पण २६ जानेवारीला गावात कोण असतं, तर म्हातारी माणसं, त्यांच्याकडं ठेवलेली शाळेतली लेकरं, ज्यांना बागायत आहे ते आणि आम्ही पदाधिकारी. म्हणजे घर कुणाला द्यायचं हे ठरवायला घरवालेच तेवढे बसतात. यामागं कुणाचा डाव आहे असं मी म्हणत नाही. डाव असायची गरजच पडत नाही, कॅलेंडर पुरतं.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असा कायदा आहे. आमच्याकडं ती रजिस्टरमध्ये होते. शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर फिरतो, बायका चुलीपुढून उठून सह्या-अंगठे करतात. त्या वर्षी मी म्हणाले, खरोखर घेऊ. २५ तारखेला दुपारी अंगणवाडीत ११ बायका आल्या, त्यातल्या ८ म्हाताऱ्या. एकजण मला म्हणाली, "आमाला काय इचारतीस बाई? ज्याचं नाव हाय ती लेकरं फडात. इचार त्येंला."

विचारायचं कसं, हे त्यांनीच दाखवलं. प्रत्येकीच्या घरात दाराजवळच्या भिंतीवर कोळशानं नाहीतर खडूनं नंबर लिहिलेला होता. लेकाचा, नाहीतर मुकादमाचा. मी आणि अंगणवाडीताई त्या संध्याकाळी वही घेऊन भिंती वाचत फिरलो. दिवसा फडात कुणी फोन उचलत नाही, चार्जिंगही नसतं, म्हणून रात्री आठनंतर लावले. ऊस भरून आलेली माणसं भाकरी खाता खाता बोलत होती. ड यादीतले गावाबाहेर असलेले ३१ संसार वहीत उतरले: कोण कुठल्या तालुक्यात, कुठल्या टोळीत, कधी परतणार. मतदानाच्या रांगेतल्या त्या मावशीचंही नाव त्यात होतं. ती म्हणाली, "माझं घर पडाय आलंय हे गावाला दिसत नाय व्हय? त्येला फोन कशाला लागतो?"

२६ ला झेंडावंदन झालं, लेकरांना जिलेबी वाटली आणि शाळेच्या व्हरांड्यात सभा बसली. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. रजिस्टरमध्ये ११२ सह्या होत्या, समोर चाळीसेक टाळकी. खुर्चीवर सरपंचबाई, शेजारच्या खुर्चीवर त्यांचे मालक. बोलायचं काम मालकांकडं. ते नियमात बसतं का, हे मी पहिल्या वर्षी विचारलं होतं. तेव्हा सरपंचबाईच माझ्यावर रुसल्या.

भाऊसाहेब, म्हणजे आमचे ग्रामसेवक, यादी वाचायला लागले. (२०२४ पासून त्यांचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालंय, गावाच्या लेखी ते भाऊसाहेबच.) नाव वाचायचं, मग शेरा. पात्र. पात्र. मयत, वारस आहे. पक्के घर, अपात्र. जागा नाही. आणि मग एक शेरा सारखा यायला लागला: कायम स्थलांतरित. कायम स्थलांतरित. कायम स्थलांतरित.

माझ्या वहीतली नावं ती. पाहणीला कुणी आलं तेव्हा दाराला कुलूप, शेजारी म्हणाले कारखान्याला गेलेत, आणि कुणीतरी रकान्यात सोयीचा शब्द टाकला. कायमचा गाव सोडून गेला तर नाव कटणारच, ते बरोबरच आहे. पण जो दर वर्षी अक्षय तृतीयेच्या आत परततो, ज्याचं रेशनकार्ड इथं, मत इथं, म्हातारी इथं, तो कायमचा कुठं गेला?

मी उठले. डोक्यावरचा पदर सावरला (सासरचं गाव, समोर सगळे मामा-तात्या बसलेले) आणि म्हणाले, ही माणसं गेलेली नाहीत, हंगामाला गेलीत. माझ्याकडं पत्ते आहेत.

"ठरावाला हजर माणूस लागतो," मालक म्हणाले.

"मतदानाला आणलं तसं आणा की मग गाडी करून," हे वस्तीवरच्या एका पोराचं. बी.ए. करून घरी बसलेला, आईबाप फडात. हशा झाला, पण फार नाही. खर्च आठवला असावा.

मी मावशीला फोन लावला आणि स्पीकरवर धरला. मागं ट्रॅक्टरचा आवाज, कुत्रं भुंकतंय. ती फार काही बोलली नाही. "मी हितंच हाय, कऱ्हाडला. पाडवा झाला की येती. मपलं नाव काढू नगा," एवढंच. त्यावर व्हरांड्यात जी जुंपली ती फोनवरून बोललेलं चालतं का याच्यावर. एक म्हणाला, असं तर दुबईहून पण कुणी बोलेल. दुसरा म्हणाला, आवाज तिचाच कशावरून? तिच्या चुलतदिरानं तो तिचाच आहे असं सांगितलं, तर त्याला म्हणाले, तू गप, तुझंही नाव यादीत आहे. अर्धा तास गेला. घरकुलावर एक शब्द नाही.

भाऊसाहेबांची बाजूही सांगायला हवी. त्यांच्याकडं तीन गावं, तिन्हीकडं त्याच दिवशी सभा, संध्याकाळपर्यंत ठराव अपलोड करायचा. ते वैतागून म्हणाले, "ताई, यात हंगामी असा रकानाच नाही." मी म्हणाले, रकाना नाही म्हणून माणूस नाही का? हे बोलायला बरं वाटलं, पण त्याचा उपयोग शून्य. उपयोग झाला तो वहीचा. शेवटी त्यांनी वही मागून घेतली आणि ठरावात शाईनं एक वाक्य वाढवलं: खालील कुटुंबे ऊसतोडीसाठी हंगामी स्थलांतरित असून गावची कायम रहिवासी आहेत, सबब पात्र. ३१ नावं. गावातल्या ऊसतोड मजुरांची नोंद करून ओळखपत्रं द्यायची म्हणून ग्रामपंचायतीतच आधी एक यादी झाली होती, तिचा क्रमांक त्यांनी आपणहून जोडला. ते मला सुचलं नव्हतं.

इथपर्यंत मी फुशारले होते. मग तोच पोरगा म्हणाला, "ताई, आता तुमच्या दारातलं नाव वाचा."

माझ्या चुलतसासऱ्यांचं नाव ड यादीत होतं. २०१८ ला ते मातीच्या घरातच होते, त्यात खोटं काही नव्हतं. पण नंतर त्यांचा मुलगा पोलिसात लागला, स्लॅबचं घर झालं, वर टाकी बसली. सरकारी नोकरी म्हणजे नाव बाद. तात्या समोरच बसले होते, टोपी गुडघ्यावर ठेवून. मी काय बोलले? काही नाही. वहीत बघत राहिले, जसं काही तिथं उत्तर लिहिलंय. मालकांनी माझी सुटका केली, "घरचा विषय घरी, पुढचं घ्या." त्या दिवशी ते नाव पात्रमध्येच राहिलं.

पुढं महिनाभरात वरच्या पडताळणीत ते कटलं. कुणीतरी लेखी तक्रार केली होती. ती मी केली असं घरात अजून समजतात. जाऊबाई माझ्याकडं हळद-कुंकवालाही आल्या नाहीत. मी केली नाही. करायला पाहिजे होती, पण केली नाही. हे दोन्ही खरं असल्यामुळं मला कुणालाच काही सांगता येत नाही.

कागदांचा पुढचा महिना मी पटकन सांगते, कारण तो सगळ्या गावांत सारखाच असतो. आधार फडात, पासबुक पेटीत, पेटीची किल्ली फडात. व्हॉट्सअॅपवर आलेले आधारचे फोटो, त्यात अंगठ्याखाली गेलेला नंबर. केवायसी नाही म्हणून बंद पडलेली खाती. जॉबकार्डावर नवऱ्याचं नाव, यादीत बायकोचं. २२ फेब्रुवारीला पुण्याला मोठा कार्यक्रम झाला. राज्यात २० लाख घरांची मंजुरीपत्रं आणि १० लाखांवर लोकांना पहिला हप्ता. आम्ही ग्रामपंचायतीत तो टीव्हीवर पाहिला. आमच्या गावची मंजुरीपत्रं घ्यायला म्हाताऱ्या आणि लेकरं आली होती. चौथीतल्या एका पोरानं आईचं पत्र घेऊन ते दप्तरात घातलं आणि मास्तरांसारखं मला सांगितलं, "घडी नाय पाडायची."

१ मेची सभा मात्र वेगळी झाली. टोळ्या परतल्या होत्या. देवळापुढचा पार, खालचा रस्ता, किराणा दुकानाची पायरी, सगळं भरलं. तीनशेच्या वर माणूस. मालकांना माईक लावावा लागला. विषय एकच: जागा. पत्र आलं, पण घर बांधायचं कुठं? वस्तीवरची १४ घरं गायरानावर होती. ती नमुना नंबर आठला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदवहीला, लागलेली नाहीत. जागेचा कागद नाही तर पुढचं सगळं अडतं.

त्या दिवशी मी गावाला पहिल्यांदा वाद घालताना पाहिलं; जानेवारीत झालं ते भांडण होतं. एक मामा उठले, सत्तरीचे. त्यांचे वडील दादासाहेब गायकवाडांच्या १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात जेलमध्ये गेले होते, हे गावात सगळ्यांना पाठ. ते म्हणाले, "१४ एप्रिल १९९० पर्यंत गायरान कसणाऱ्यांची नावं लावा असा सरकारनं १९९१ ला हुकूम काढला. कसायला दिली तर राहायला का नाय?" त्यावर कुणी सांगितलं की आता कोर्टाचं कडक आहे, सुप्रीम कोर्टानं २०११ ला गावच्या सार्वजनिक जमिनीवरची अतिक्रमणं काढा असं म्हटलंय, २०२२ ला नोटिसा आल्या होत्या आठवा. आठवत होत्याच. ती दिवाळी वस्तीवर कुणी गोड केली नव्हती. तिसरा म्हणाला, पण १ जानेवारी २०११ च्या आधीची राहती अतिक्रमणं नियमात बसवा असा २०१८ चा शासन निर्णयही आहे. आमच्या गावात इतकी कलमं लोकांना तोंडपाठ असतील असं मला कधी वाटलं नव्हतं. ज्याच्या डोक्यावर नोटीस असते त्याला कायदा पाठ होतो.

विरोध करणाऱ्यांत एक बागायतदार होते. त्यांना सगळे खलनायक ठरवून मोकळे झाले असते, पण ते जे बोलले ते मला खोडता आलं नाही. "२०१९ ला चारा छावणी कुठं लागली होती? ह्याच गायरानात. तुमची-आमची सगळ्यांची जनावरं तिथं जगली. उद्या परत दुष्काळ पडला तर बैल कुठं बांधता? स्लॅबवर?" वस्तीवरच्यांकडंही बैल आहेत, बैलगाडीवाल्या टोळ्या अजून आहेतच. तेही थोडे गप्प झाले. मग एक बाई म्हणाली, "छावणीला चार म्हयने लागतात, आन् आमाला जलमभर." आणि पुन्हा गलका झाला.

शेवटी ठराव झाला तो गावठाणाला लागून असलेल्या गायरानाच्या कडेची पट्टी गावठाण विस्तारासाठी मागायचा, मधलं कुरण सोडून. सर्वानुमते लिहिलंय, सर्वानुमते नव्हता. तो तहसीलला गेला. मी सहा वेळा जाऊन आले. दर वेळी फाईल आणखी एका टेबलावर गेलेली असायची आणि आणखी एक अहवाल मागवलेला असायचा. अजून तीच गत आहे.

दरम्यान, चार कुटुंबांनी जागा विकत घेतली, त्यात मावशी एक. भूमिहीनांना घरकुलासाठी ५०० चौरस फूट जागा घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून पैसे मिळतात. आधी ५० हजार होते, २०२४ पासून १ लाख. आधी एवढा बारका तुकडा तुकडेबंदीच्या कायद्यात अडकायचा, २०२४ पासून घरकुलासाठी १,००० चौरस फुटांपर्यंत जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीनं खरेदी होऊ लागली. हे सगळं मी मोठ्या उत्साहानं रस्त्याकडच्या एका शेतकऱ्याला समजावून सांगितलं. मार्चमध्ये तो ५०० फुटाला ६० हजार म्हणत होता. १ लाख मिळतात हे कळल्यावर जागेचा भाव १ लाख झाला. त्याला कळवलं कुणी? मीच.

घराचा हिशोब असा. सरकारचे १ लाख २० हजार, हप्त्याहप्त्यानं. पहिला १५ हजारांचा. शौचालयाचे १२ हजार वेगळे. राज्यानं त्यात ५० हजारांची भर घातली, त्यातले १५ हजार छपरावरच्या सौर पॅनलसाठी, म्हणजे हातात येणारे ३५. रोजगार हमीतून आपल्याच घरावर ९० दिवसांची मजुरी. २०२५ च्या ३१२ रुपये रोजानं २८,०८० व्हायचे. पाच ब्रास वाळू फुकट, वाहतूक आपली. सगळं मिळून २६९ चौरस फुटांचं घर उभं करायचं. कागदावर ते बसतं. पण १५ हजारांत जोतं होत नाही आणि जोतं झाल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. मधलं अंतर माणसानं आपल्या खिशातून भरायचं, आणि खिसा म्हणजे मुकादम. मावशीनं जुलैत येत्या हंगामाची उचल घेतली आणि ती विटांवर, सिमेंटवर घातली. मी म्हणाले, मावशी, हे घर सरकार देतंय ना? ती म्हणाली, "देतंय की. पर ऊस मी तोडती."

सप्टेंबर २०२५ चा पाऊस मराठवाड्यात कुणी विसरणार नाही. नद्यांनी शेतं खरवडून नेली. आमच्याकडं नदी लांब, पण जोत्याच्या खड्ड्यांत गुडघाभर पाणी, रचलेल्या विटा चिखलात, आणि वस्तीवरच्या जुन्या मातीच्या सात भिंती बसल्या. मावशीचं जुनं घर त्यातच गेलं. ती नवरा-लेकरांसह शाळेत राहिली, आणि गंमत म्हणजे तो पडझडीचा पंचनामा करायला जो आला त्यानं विचारलं, तुम्हाला घरकुल मंजूर आहे ना, मग हे घर कशाला दाखवता?

मजुरीच्या २८ हजारांचं म्हणाल तर तिचं मस्टर निघालं ऑक्टोबरच्या शेवटी. १ नोव्हेंबरला हंगाम सुरू झाला. मस्टरवर हजेरी लावायला माणूस गावात लागतो. पुन्हा तेच. भिंती लिंटलपर्यंत आल्या होत्या, दार-खिडक्यांच्या चौकटी बसल्या होत्या, वर आभाळ. जाताना तिनं चौकटीत बाभळीची फांदी आडवी टाकली, शेळ्या आत जाऊ नयेत म्हणून.

२ ऑक्टोबरच्या सभेत मी ठराव मांडला होता की घरकुलाची कुठलीही यादी मे ते सप्टेंबर यांच्यातच वाचावी. इतिवृत्तात तो 'सदस्यांनी सूचना केली' असा उतरला.

नोव्हेंबरच्या मध्यावर घरकुलाच्या इंजिनिअरचा फोन आला. लिंटलचा फोटो टाकायचाय, तो गेला की पुढचा हप्ता निघेल, पण फोटोत लाभार्थी घरासमोर उभा पाहिजे. मी म्हणाले, ती कऱ्हाडला आहे. ते म्हणाले, ताई, ॲपला कऱ्हाड कळत नाही. माणूस वाईट नाही. कंत्राटी आहे, पेट्रोल पदरचं घालून फिरतो.

मावशीला कळवलं. एक दिवस कोयता बंद म्हणजे खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीत वाढतात. बाईला एसटीला अर्धं तिकीट आहे, तेवढं बरं. ती रात्रभर बसून, दोन गाड्या बदलून सकाळी अकराला गावात उतरली. हाताला उसाच्या पात्यांचे ओरखडे, त्याच साडीत, पायात नवऱ्याचे बूट. सासूच्या हातचा चहा उभ्यानंच प्याली. इंजिनिअर दोनला आले. बाभळीची फांदी बाजूला केली, मावशी चौकटीसमोर उभी राहिली, फोटो काढला, नेट येईपर्यंत आम्ही सगळे मोबाईलच्या गोल फिरणाऱ्या चकतीकडं बघत बसलो.

फोटो गेला. ती म्हणाली, "दावा की मला." इंजिनिअरनी मोबाईल पुढं केला. तिनं तो उन्हापासून हातानं झाकून नीट बघितला.

"ह्यात मीच दिसती निस्ती. घर कुठंय?"

ते जवळून काढल्यामुळं खरंच तिच्यामागं चौकटीची एक बाजू आणि चार विटा तेवढ्या आल्या होत्या. इंजिनिअर म्हणाले, चालतंय, सिस्टिमनं घेतलाय.

"तसं नगं. मागं सरून काढा. माझी गाडी सहाची हाय."